बाबांच्या बोटाखालची पट्टी

अकोल्यात रेडिओ दुरुस्त करणाऱ्या माणसाला साठच्या दशकात लोक अर्धा डॉक्टर समजत. मीही समजायचो. माझा स्वभाव मुळातच चढेल. त्यात खोके उघडून गाणं वाजवता येत होतं, मग काय विचारता!

आमचा फुलांचा मळा पातूरच्या रस्त्याला. मळा बाबांचा, आवाजही बाबांचाच. विहिरीवरून हाक मारली की रस्त्यावरचा सायकलवाला मागे वळून पाहायचा. त्या बाबांना एका सकाळी अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. उरला तो डावा हात, तोही संधिवातानं आखडलेला; एक बोट आणि अंगठा तेवढे कामाचे. डॉक्टर म्हणाले, "त्यांना समजतं सगळं." हे वाक्य मी तेव्हा नीट ऐकलं असतं तर!

घरातले सगळे दिवसभर घरासमोरच्या मांडवात, फुलं निवडायला नाहीतर विकायला. बाबा आतल्या खोलीत खाटेवर. तहान लागली तरी कुणी डोकावेपर्यंत वाट पाहायची. हे मला बघवेना. मी एका बोटानं चालेल असा विजेचा बोर्ड करायला घेतला.

अमरावतीच्या एका भंगारवाल्याकडून टेलिफोनचे जुने रिले आणले. रिले म्हणजे तारेचं वेटोळं असलेला खटका. थोड्याशा विजेनं हलतो आणि घरची मोठी वीज चालू-बंद करतो. सागाच्या फळीवर तीन सॉकेट बसवले: पंखा, दिवा आणि मांडवात टांगलेली घंटी. रेडिओतला छोटा ट्रान्सफॉर्मर लावला, म्हणजे बाबांच्या बोटापर्यंत झिणझिणीसुद्धा येऊ नये. एकदा दाबलं की सुरू आणि पुन्हा दाबलं की बंद व्हावं, यासाठी दोन गजराची घड्याळं मोडून त्यांची दातेरी चाकं घातली, एक पंख्याला, एक दिव्याला. खाटेच्या कडेला तीन पितळी पट्ट्या बांधल्या, बोट नुसतं टेकवलं तरी दबतील अशा. महिनाभर डोकं खाल्लं त्या बोर्डानं. दोनदा फ्यूज उडाला. माय म्हणाली, "घर जाळतं का आता?"

ज्या दिवशी बाबांनी पहिल्यांदा पट्टी दाबली, त्या दिवशी मांडवात घंटी खणखणली आणि माय हातातली फुलं टाकून "आली, आली!" म्हणत धावली. बाबांचा अर्धा चेहरा हसला. अर्धाच, पण काय हसला!

मग त्यांना चाळाच लागला. उगाच वाजवायचे. माय धावत यायची, हे नुसते तिच्याकडे पाहत राहायचे. "काय पायजे? काईच नाही? मंग कावून वाजवून राहिले वो?" ती चिडायची, पदरानं त्यांचं तोंड पुसायची आणि मांडवात जाऊन सगळ्यांना सांगायची. गल्लीतली माणसं बोर्ड पाहायला यायची. मी फुशारून समजावून सांगायचो.

त्या साली खंडेनवमीला मायनं अंगणात पाट मांडला. फावडं, विळे, खुरपी धुऊन ठेवली. मला म्हणाली, "तुही पक्कड आन पेचकस आण." मी पक्कड, स्क्रूड्रायव्हर आणले आणि वर बोर्डही सोडवून आणला. सांगितलं कुणी होतं मला? शेजारपाजारचे येतील, झेंडू वाहिलेला माझा बोर्ड बघतील, एवढीच हौस. मायच म्हणाली, "थो राहू दे, तुह्या बाबाले लागते."

"पूजा झाली की लगेच जोडतो," मी म्हणालो.

पूजा झाली. मी हात घातला तर मायनं अडवलं. "आज नको हात लावू. पूजलेलं हत्यार उद्याच उचलाचं." आमच्याकडे रीतच तशी; त्या दिवशी विळासुद्धा विसावा घेतो, फुलं आदल्या दिवशीच तोडून ठेवतात. जगाशी वाद घालणारा मी, तिथं मात्र हात मागे घेतला. समोर गिऱ्हाईक उभं होतं. वाटलं, एका दिवसाचा तर प्रश्न. सगळे घरीच आहोत, येता-जाता पाहू.

बाबांना कुणी सांगितलं नाही. बोर्ड काढला आहे, आज घंटी वाजणार नाही, एवढं एक वाक्य. मी सांगितलं नाही. ते बोलायचे थांबल्यापासून आम्हीही त्यांच्याशी बोलायचे थांबलो होतो; त्यांच्या डोक्यावरून एकमेकांशी बोलायचो. पट्ट्या खाटेला तशाच बांधलेल्या. पंख्याची वायर भिंतीतल्या सॉकेटला लावायची होती, तेही मी विसरलो.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मांडवात श्वास घ्यायला फुरसत नसते. झेंडूचे ढीग, माणसांची रेटारेटी. मला वाटलं माय जाऊन आली, मायला वाटलं मी जाऊन आलो. घंटी वाजली नाही, म्हणजे बाबा निवांत आहेत. हो, अगदी असंच वाटलं मला! ज्यानं बोर्ड सोडवला त्यालाच!

चार वाजता दाराला तोरण बांधायचं म्हणून सुतळी घ्यायला आत गेलो. खोलीत दमट वास. चादर ओली. ऑक्टोबरच्या उकाड्यात बाबा घामानं निथळत होते, ओठ कोरडे पडले होते. बोट पट्टीवर होतं. पितळेच्या कडेनं कातडं सोललं होतं, पट्टीला रक्त लागलं होतं. किती तास दाबत होते कोण जाणे. त्यांनी मला पाहिलं, आणि माझ्याकडे पाहत पुन्हा एकदा दाबलं.

मी ओरडलो. काय ओरडलो आठवत नाही. माय धावत आली, एकदा खाटेकडे पाहिलं आणि तशीच अंगणात गेली. हळदकुंकू लावलेला बोर्ड तिनं स्वतः उचलून आणला. "आग लागो त्या पूजेले," म्हणाली आणि रडायला लागली.

मी तारा जोडल्या. बाबांना सगळं सांगितलं, दोनदा, तीनदा. "बाबा, चुकलो. आता दाबा. वाजते पाहा." त्यांनी माझं बोलणं शेवटपर्यंत ऐकलं. मग बोट मुठीत मिटलं आणि मूठ छातीवर ठेवली.

त्यानंतर त्यांनी पट्टीला बोट लावलं नाही. मी हात धरून पट्टीवर ठेवायचो, ते काढून घ्यायचे, हळूच, रागावल्यासारखं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं. रागाला मी उत्तर देऊ शकतो. माय निवडायची फुलं खाटेपाशी घेऊन बसू लागली, पण मांडवातली घंटी पुन्हा वाजली नाही. इतका शहाणा मी, शंभर रेडिओ बोलते केले, पण तेवढं मला दुरुस्त करता आलं नाही.

उन्हाळ्यात बाबा गेले.

तेरावा झाल्यावर एका सकाळी मी बोर्ड सोडवायला बसलो. तार तोडण्याआधी वीज आहे का पाहावं, ही हाताची सवय. मी खाटेवरची घंटीची पट्टी दाबली. मांडवात घंटी खणखणली.

"आली, आली!" माय धावत आली, ओले हात पदराला पुसत. दारात येऊन थांबली. उघड्या खाटेकडे पाहिलं, मग माझ्या बोटाकडे.

"वाजते ना रे," ती म्हणाली.

"वाजते, माय."

ती तिथंच उंबऱ्यावर बसली.