काचेची तार, कंसातला हशा

स्टेनोताई माझ्या शेजारी राहते. आमच्या दोघींच्या खोल्यांत एकच भिंत आहे. त्या भिंतीतून दिवसभर टकटक ऐकू येते. मी राहायला आले तेव्हा मला वाटलं, पलीकडे कुणीतरी पत्र्यावर वाटाणे सांडतंय.

ती पूर्वी कोर्टात स्टेनो होती. निवृत्त झाल्यावर तिने नवीनच काम धरलं. ज्यांना ऐकू येत नाही, त्यांच्यासाठी ती ऐकते. कुठल्यातरी दूरच्या शहरातल्या वर्गात कुणी शिकवत असतं. तो आवाज तिच्या कानात येतो, ती टाइप करते आणि अक्षरं त्याच क्षणी त्या वर्गातल्या एका पडद्यावर उमटतात. मधे असते इंटरनेटची केसाएवढी काचेची तार.

मी साहित्यात एम.ए. केलं आहे. शब्दांविषयी पुष्कळ वाचलं. शब्द असे धावताना पाहिले नव्हते. ती ‘रदा’ दाबते आणि पडद्यावर ‘रक्तदाब’ येतो. अशी शेकडो गाठोडी तिने बांधून ठेवली आहेत. बोटं चालू असताना ती माझ्याकडे बघून भुवईने चहाचं विचारते.

बोलणं सोडून जे ऐकू येतं, ते ती कंसात लिहिते. (खोकला). (बाकडं सरकतं). (हशा). एवढं कशाला, असं मी एकदा विचारलं. ती म्हणाली, वर्गात बसलेल्या बाकीच्यांना ते फुकट मिळतं, मग हिलाच का नको?

ही म्हणजे औषधनिर्माण शिकणारी एक मुलगी. लहानपणी तापात तिचे कान गेले. बोलते स्वच्छ. शेवटच्या वर्षाला आहे.

मध्यंतरी एका दुपारी तार गेली. तेव्हा सरांचा आवाजही त्याच तारेवरून यायचा. ताईच्या कानात शांतता आणि मुलीच्या पडद्यावरही. काही मिनिटांनी तार आली, तेव्हा वर्ग हसत होता. ताईने सवयीने लिहिलं, (हशा). मुलीच्या पडद्यावर एवढंच उमटलं. तिने आजूबाजूला विचारलं. मैत्रीण म्हणाली, काही नाही गं, असंच. संध्याकाळी मुलीने ताईला निरोप पाठवला: विनोद काय होता?

ताईला माहीत नव्हतं.

दाजी, म्हणजे ताईचा नवरा, सांगतात की त्या दिवशी ती जेवली नाही. दाजींचा जन्म लेथ मशीनवर गेला. ते म्हणाले, “कोर्टात फाशी ऐकून आली तरी दोन घास खायची. आणि एका विनोदापायी उपास.”

त्याच आठवड्यात तिने आवाजाची वाट बदलली. घरात जुना तांब्याच्या तारेचा फोन होता, आवाज त्यावर घ्यायला लागली. पण अक्षरं जायची ती काचेच्याच तारेने. घरात मोबाईलचं नेट खिडकीपाशी तेवढं जीव धरतं.

आणि मुलीची तोंडी परीक्षा जवळ आली होती. कॉलेजने ताईला घरून प्रश्न लिहून द्यायची परवानगी दिली होती, पण एक अट घालून. बाहेरची तार तुटली तर जबाबदारी त्यांची नाही. प्रश्नाला उत्तर आलं नाही तर शून्य. नापास झाली तर वर्ष गेलं.

ताईने तार विकणाऱ्याला बोलावलं. तो गळ्यात ओळखपत्र घालून आला आणि दोन प्लॅन मांडले. घरगुती स्वस्त. येताना पूर, जाताना नळाची धार. सगळ्या गल्लीत वाटलेला, आणि बिघडला तर तक्रारीचा नंबर मिळतो. व्यावसायिक जवळपास चौपट. येणं-जाणं सारख्याच वेगाने, आणि चार तासांत दुरुस्ती, लेखी.

ताईने विचारलं, अक्षरांना वजन किती असतं? तो प्रामाणिक निघाला. काहीच नाही म्हणाला, घरगुती तारेच्या कोपऱ्यातून जातील.

“म्हणजे वेग मला नकोच. आणि तुटणार नाही, हे कुठल्या प्लॅनमध्ये लिहिलंय?”

“तसं कुणीच लिहून देत नाही, मॅडम.”

“मग चौपट कशाचे?”

तो चहा पीत राहिला.

तो गेल्यावर दाजींनी हिशोब सोपा केला. दुसऱ्या कंपनीची आणखी एक घरगुती तार घ्यायची. एक गेली तर दुसरी. व्यावसायिकच्या निम्म्यात काम. मलाही ते बिनतोड वाटलं. ताई म्हणाली, उद्या बघू. कोर्टात तिची ख्याती होती की ऐकीव गोष्टीवर ती विश्वास ठेवत नाही.

दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन बाहेर पडली. आपल्या खिडकीतून निघालेली काळी तार वर बघत बघत ती चालू लागली. मी मागे. तार भिंतीवरून सज्ज्यावर, सज्ज्यावरून शिंप्याच्या पाटीवर आणि तिथून कोपऱ्यावरच्या लोखंडी खांबावर गेली. त्याच खांबावर दुसऱ्या कंपनीची पेटी होती. दोन्ही तारा शेजारी शेजारी खाली उतरून एकाच झाकणाखाली जमिनीत शिरत होत्या.

ताई त्या झाकणापाशी वाकली. मग म्हणाली, “गाई दोन, खुंटा एक. खुंटा उपटला की गोठा रिकामा.”

मी त्या रस्त्याने रोज जाते. वर कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी दिसलं की प्रत्येक खिडकीतून एक धागा निघतो. कुणाचं भांडण, कुणाचा पगार, कुणाची नातवंडं, सगळं त्या झाकणाखालून जातंय. मी झाकणावर पाय न देता चालले. ताई हसली.

आम्ही मागच्या गल्लीतही गेलो. तिथे वेगळी पेटी होती, वेगळा रस्ता धरणारी. तिथे काम करणाऱ्या लाइनमनने सांगितलं की पुढच्या घरांना या पेटीतून घरगुती जोडणी देत नाहीत. व्यावसायिक मागितली तर मात्र तार ओढून देतात.

दाजींकडे यालाही तोड होती. मागच्या घरातले निवृत्त पोस्टमन त्यांचे बुद्धिबळातले वैरी. त्यांची घरगुती तार त्याच पेटीतून येते. भिंतीवरून एक वायर टाकायची, निम्मं बिल आपण भरायचं. पोस्टमन एका पायावर तयार झाले.

ताईने करार वाचायला घेतला. चष्मा लावून, पहिल्या ओळीपासून. एका जागी बोट थांबलं. घरगुती जोडणी दुसऱ्याला द्यायची नाही, आणि धंद्यासाठी वापरायची नाही.

दाजी म्हणाले, “अगं, हे कोण वाचतं?”

“मी वाचलं ना आता.”

“इतकी वर्षं घरगुतीवरच काम केलंस की.”

“तेव्हा वाचलं नव्हतं.”

दाजींनी मग शेवटचं अस्त्र काढलं. ती मुलगी देते त्यापेक्षा या तारेचं भाडं जास्त होतंय, म्हणजे ही बाई पदरमोड करून नोकरी करणार. ताईने नाही म्हटलं नाही. ती म्हणाली, आणखी दोन वर्ग घेईन. आणि जरा वेळाने, त्यांच्याकडे न बघता, “मला पुन्हा नुसता हशा पाठवायचा नाहीये.”

दाजी उठले. स्वतःच्या नव्या कवळीसाठी ठेवलेलं पाकीट तिच्या टेबलावर आणून ठेवलं. म्हणाले, “तसंही मला कडक गोष्टी पचत नाहीत. तू सोडून.”

व्यावसायिक तार आली, मागच्या गल्लीतून. पुढची घरगुती तारही ठेवली, घरच्या कामाला. पण अडीअडचणीला ती वापरू का, असं ताईने कंपनीला आधी विचारून ठेवलं. चालेल, असं उत्तर आलं. ते तिने जपून ठेवलं. दोन तारांचे दोन डबे; एका डब्यातून वायर काढून दुसऱ्यात घालायचं काम दाजींकडे. ते डोळे मिटून सराव करत. लेथवर हात असाच बसवतात म्हणाले.

परीक्षेच्या दिवशी सकाळी मी ताईच्या पलंगावर बसले होते. हलू नकोस अशी ताकीद होती. जुन्या फोनचा स्पीकर लावला होता. परीक्षक विचारत होते, ताईची बोटं चालत होती, आणि क्षणभराने मुलीचं उत्तर फोनमधून येत होतं. प्रश्न काचेतून जाई, उत्तर तांब्यातून येई. मी श्वास मोजून घेत होते.

मग नव्या डब्यावरचा हिरवा दिवा लाल झाला. चौपट भाड्याची तार गेली होती.

ताईने पाहिलं. बोटं थांबली नाहीत. पडद्यावर ‘जोडणी नाही’ दिसत होतं आणि त्याच्या खाली ती लिहीतच होती. पलीकडे परीक्षक काहीतरी सांगत होते. दाजींचा हात आधीच डब्यावर होता. वायर निघाली, दुसऱ्यात गेली. त्या डब्यावरचा दिवा लुकलुकायला लागला. दाजींचं बोट वायरवरच होतं, जणू नाडी बघतायत.

परीक्षक म्हणत होते, “एक रुग्ण मला म्हणाला, गोळी दिवसातून सहा वेळा जेवणानंतर लिहिलीत. गोळीचं काही नाही हो, पण सहा वेळा जेववत नाही.”

खोलीतले सगळे हसले. ताईने ते लिहिलं. हसू ओसरलं. कुणीतरी कागद चाळले. मुलगी गप्प होती.

दिवा हिरवा झाला. साठलेली अक्षरं एकदम मुलीच्या पडद्यावर गेली.

फोनमध्ये शांतता. मग एक हसू आलं. एकटंच, सगळ्यांचं संपल्यावर, मोकळं. त्याच्या मागोमाग परीक्षक पुन्हा हसले, या वेळी तिच्याबरोबर. आणि परीक्षकांनी मघाशी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तिने सुरू केलं.

ताईची बोटं त्या हसण्याला सवयीने उठली होती. ‘(ह’ एवढं लिहून थांबली. मग कंस आणि अक्षर दोन्ही तिने खोडलं. मुलीला तिचंच हसू सांगायची गरज नव्हती.

दुरुस्तीवाला परीक्षा संपल्यावर आला, चार तासांच्या बराच आत. दाजींनी दार उघडलं. “या, वरातीमागचं घोडं,” म्हणाले, आणि त्याला चहा दिला.

मुलगी पास झाली. पण तो निरोप नंतरचा. त्या सकाळी मी माझ्या खोलीत आले आणि भिंतीला पाठ लावून बसले. पलीकडे पुन्हा टकटक सुरू झाली होती. दुसरा वर्ग, दुसरं कुणीतरी. मी ऐकत राहिले.