म्हातारीच्या पोटातले पाणी

२२ सप्टेंबर १९९४ रोजी भीमराव धोंडिबा शेजवळ यांनी आमच्या कारखान्यात एकशे सत्तावीस रुपये पाच पैसे भरले आणि स्वतःच्या हाताने बनवलेले इंजिन भंगार म्हणून विकत घेतले. पावती मी फाडली. अंबरनाथच्या या कारखान्यात तेहतीस वर्षे मी हिशेब लिहितो आहे आणि येत्या मार्चमध्ये निवृत्त होईन. एवढ्या काळात किती पावत्या फाडल्या याची गणती नाही, पण लाज वाटली ती या एकाच पावतीची. त्या गोष्टीला आता चार वर्षे होऊन गेली, तरी राग गेलेला नाही. कारखान्याचे आणि साहेबांचे नाव मी लिहीत नाही. ज्यांचे नाव लिहायला हवे त्यांचे पहिल्याच ओळीत लिहिले आहे.

भीमराव टर्नर. मूळचे सिन्नर तालुक्यातले. लहानपणी आई गयाबाई ऊसतोडणीला कोपरगावकडे जायची, तेव्हा तिच्याबरोबर गेले असता त्यांनी मळ्याच्या बांधावर उभे राहून नांगर ओढणारे वाफेचे इंजिन पाहिले. दिवसभर तिथेच उभे राहिले म्हणून आईने संध्याकाळी कान पिळला होता. १९६२ साली ते उल्हासनगरला आले, कॅम्प नंबर तीनमधल्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर हात बसवला आणि १९६६ मध्ये आमच्याकडे लागले. काम व्हॉल्व्हचे दांडे कातण्याचे. अठ्ठावीस वर्षांत त्यांनी कारखान्यातून एक वॉशरदेखील खिशात घालून नेला नाही. हे मी ऐकीव सांगत नाही. स्टोअरचा हिशेब माझ्याकडे असतो, आणि कोणत्या खात्यातून काय नाहीसे होते हे मला बसल्या जागी कळते.

मळ्यातले ते इंजिन डोक्यातून गेले नव्हते. १९८६ साली कामगारांसाठी भंगाराची विक्री निघाली तेव्हा त्यांनी एक किलो आठशे सत्तर ग्रॅम पितळ रीतसर विकत घेतले. बॉयलरसाठी तांब्याची नळी, तळाची लोखंडी पट्टी, स्क्रू हे सगळे टेकचंदच्या दुकानातून आले. टेकचंद कॅम्प तीनमध्ये स्टोव्ह दुरुस्त करतो. भीमराव ड्यूटी सुटल्यावर शेअर रिक्षाने तिकडे जात आणि जुन्या ओळखीवर वर्कशॉपचा लेथ तासभर वापरत. असे दोन वर्षे चालले. १९८८च्या जानेवारीत इंजिन उभे राहिले. वीतभर लांब, वर पत्र्याची चिमणी, बाजूला डब्याच्या झाकणाएवढे चाक.

त्याचे नाव पडले म्हातारी. खाली स्पिरिटचा दिवा लावला की पाच-सात मिनिटांनी वाफ धरायची. सिलिंडर गार असल्यामुळे आधी वाफेचे पाणी व्हायचे आणि ते बाहेर थुंकत म्हातारी खोकायची. भीमराव बोटाने चाकाला टिचकी मारायचे. पुन्हा खोकला, पुन्हा टिचकी, आणि मग एकदम चाल धरायची. पुढची पंधरा मिनिटे थांबायची नाही.

एक रविवार सोडून दुसऱ्या रविवारी भीमरावांच्या बदलापुरातल्या बेलवलीच्या घरामागे, ओट्यावर आमची बैठक असे. टेकचंदने खोबरेल तेलाच्या डब्यातून आणि स्टोव्हच्या तुकड्यांतून आपले वेगळेच इंजिन केले होते. त्याला पाणी लागत नाही. आत कोंडलेली हवा एका टोकाला तापते, दुसऱ्या टोकाला निवते, आणि तेवढ्यावर चाक फिरते. त्याला स्टर्लिंग इंजिन म्हणतात असे टेकचंदला कुठल्याशा पुस्तकातून कळले होते. दोघांची कायम जुंपलेली असायची. टेकचंद म्हणायचा, "तुमची बुढी खाती बहुत, बोलती बहुत. आपला माल देखो, गुपचूप काम करतो." भीमराव म्हणायचे, गुपचूप काम करणाऱ्याला बढती मिळत नाही, टेकुशेठ, आमच्या कारखान्यात विचारा.

माझ्या हाताला तसले काही येत नाही. माझ्याकडे मोजणीचे काम. आसाला दोरा बांधायचा, बरोबर एक मिनिट गुंडाळू द्यायचा, मग उलगडून फेरे मोजायचे. म्हातारीचे मिनिटाला दोनशे साठ, टेकचंदच्या डब्याचे तीनशेच्या वर. तारीखवार नोंद आजही माझ्याकडे आहे.

खेळ संपला की भीमरावांचा एक नियम होता. इंजिन कोमट असतानाच बॉयलरच्या बुडाचा स्क्रू काढून सगळे पाणी सांडायचे, दांडे पुसायचे, सिलिंडरमध्ये तेलाचा थेंब सोडायचा. पाणी आत राहिले तर तांबे-पितळ तग धरते, पण आतली पोलादी दांडी गंजते आणि इंजिन जाम होते. हे उरकल्याशिवाय ते चहाच्या कपाला हात लावत नसत. त्यांच्या पत्नी शालनबाई मला म्हणायच्या, "तुमचा चहा निवला तर मला बोल लावू नका, रघुभाऊ. आधी म्हातारीचं पोट रिकामं होणार, मग तुमचं भरणार."

आता चूक सांगतो. ती माझी आहे.

खंडेनवमीला आमच्याकडे मशिने पुसून, हार घालून बंद ठेवतात आणि कामगारांची बायकामुले कारखाना बघायला येतात. भीमराव बौद्ध, ते पूजेत नसत, पण त्यांचा लेथ सगळ्यांत चकचकीत असे. १९९२ साली मीच त्यांना म्हणालो, सगळी मशिने बंद असतात त्या दिवशी मुलांना एक तरी चालू दाखवा. त्यांनी म्हातारी पिशवीत घालून आणली. गेटवर शिवराम होता. बाहेरून आत येणाऱ्या प्रत्येक खाजगी वस्तूची आवक वहीत नोंद झाली पाहिजे असा नियम आहे. नोंद नसेल तर ती वस्तू परत बाहेर जात नाही. पण त्या दिवशी आवक वहीवरही हळदकुंकू वाहिलेले होते. पूजेतली वही कोण उघडणार? शिवरामने हात जोडून त्यांना आत सोडले. मी शेजारीच उभा होतो आणि हसत होतो.

म्हातारी झकास चालली. मोठे साहेब थांबून बघत राहिले आणि म्हणाले, हे चार दिवस रिसेप्शनमध्ये राहू द्या, बाहेरचे पाहुणे यायचे आहेत. भीमराव नाही म्हणाले नाहीत. फक्त पाणी काढून देतो म्हणाले. प्रशासन अधिकाऱ्यांनी घाई केली, साहेब निघाले आहेत, पाण्याचे नंतर बघू. संध्याकाळपर्यंत इंजिन काचेच्या पेटीत गेले, पेटीला कुलूप लागले. आठवड्याने खाली पाटी आली: 'निर्मिती: प्रशिक्षण विभाग, १९९२'. आमच्या प्रशिक्षण विभागात तेव्हा एक टेबल, दोन खुर्च्या आणि एक बंद पडलेला पंखा होता.

चार दिवस झाले, पंधरा झाले, पाहुणे येऊन गेले. भीमराव अधिकाऱ्यांकडे गेले. मी कागद घेऊन तिथेच उभा होतो. त्यांनी इंजिन मागितलेही नाही.

"साहेब, इंजिन राहू द्या तुमच्याकडं. पाणी तेवढं काढू द्या. दहा मिनिटांचं काम आहे."

"पाणी असलं काय, नसलं काय, शेजवळ," अधिकारी म्हणाले. "ते आता चालवायचं नाहीये."

ज्या माणसाने दोन वर्षे घालवून एक वस्तू चालती केली, त्याला हे उत्तर. त्यानंतर भीमरावांनी लेखी अर्ज करून इंजिनच परत मागितले. उत्तर आले की आवक वहीत नोंद नाही, सबब वस्तू कारखान्याच्या आवारात तयार झाली असे समजण्यात येते. मी मोठ्या हौसेने १९८६ची पावती शोधून सादर केली. वाटले, आता तोंड बंद होईल. झाले उलटेच. अधिकाऱ्यांनी इंजिन काट्यावर ठेवायला लावले. दोन किलो तीनशे दहा ग्रॅम भरले. पावती एक किलो आठशे सत्तरची. मग वरचे चारशे चाळीस ग्रॅम कुठून आले, याचा खुलासा मागणारा मेमो भीमरावांच्या हातात पडला. तळपट्टी आणि नळी टेकचंदच्या दुकानातली, असे त्यांनी लिहून दिले. स्टोव्हवाल्याची पावती आणा, असे सांगण्यात आले. स्टोव्हवाल्याकडे पावती कोण मागतो?

मेमो देताना अधिकारी माझ्याकडे बघून म्हणाले, यांना सगळं फुकट घ्यायची सवय लागलीय. 'यांना' म्हणजे कोणाला, हे त्या खोलीत प्रत्येकाला कळले. मी मेमोची नक्कल फायलीला लावली. बाहेर आल्यावर भीमराव चालता चालता शांतपणे म्हणाले, "रघुभाऊ, मला फुकट काय मिळालं ते तुमच्या वहीत असेल. एकदा काढून दाखवा मला."

रिसेप्शनमध्ये कामगारांना जायला बंदी. माझे टेबल पलीकडेच होते, म्हणून दर शनिवारी ते मला विचारायचे, दांडीला लाली आली का? मी नाही म्हणायचो. १९९३च्या जुलैत दांडीचा बाहेर दिसणारा भाग पार तपकिरी झाला होता, तरी मी नाही म्हणालो. बेलवलीची बैठक चालू राहिली, पण ओट्यावर टेकचंदचा डबाच तेवढा फिरायचा. भीमराव त्याला तेल घालायचे आणि बाजूला बसायचे. टेकचंदने भांडण उकरून काढायचे सोडून दिले होते. एकदा तो मला कोपऱ्यात घेऊन म्हणाला की अकेला चलाने में मजा नहीं, मैं भी बंद करता हूँ. भीमरावांनी ऐकले आणि त्याला झापले.

३० सप्टेंबर १९९४ ही भीमरावांची निवृत्तीची तारीख. मेमो निकालात निघाल्याशिवाय नो ड्यूजचा कागद मिळणार नव्हता, आणि तो नाही तर ग्रॅच्युइटी नाही. ऑगस्टमध्ये रिसेप्शनला नवी फरशी घालायचे ठरले, पेटी अडचण झाली, आणि भंगाराच्या यादीत मला एक ओळ दिसली: 'पितळ मिश्र, नग १'. ज्याच्या चारशे चाळीस ग्रॅमसाठी माणसाला चोर ठरवायला निघाले होते, ते आता फेकून द्यायच्या सामानात होते. मी भीमरावांना सांगितले, कामगाराला भंगार घेता येते, घेऊन टाका. एकदा विक्री झाली की मेमोला काही अर्थ उरत नाही. शालनबाई फार चिडल्या. आपलंच लेकरू आपण बाजारातनं विकत आणायचं का, असे म्हणाल्या. भीमराव रात्रभर विचार करून दुसऱ्या दिवशी पैसे घेऊन आले.

पंचावन्न रुपये किलोचा भाव. वजन तेच, दोन किलो तीनशे दहा. पैसे भरून आम्ही भंगाराच्या यार्डात गेलो, तेव्हा आणखी एक नियम पुढे आला. भंगार म्हणून विकलेली वस्तू पुन्हा वापरता येऊ नये म्हणून बाहेर सोडण्यापूर्वी हातोड्याने निकामी करायची. अधिकारी स्वतः उभे होते. हातोडा शिवरामच्या हातात दिला होता.

"आधी पाणी काढू द्या," भीमराव म्हणाले. "मग मारा काय मारायचं ते."

या वेळी नाही म्हणायला अधिकाऱ्यांना कारण सापडले नाही. भीमरावांनी खिशातून पाना काढला. तो पाना दोन वर्षे त्यांच्या खिशात होता, हे मला तेव्हा कळले. बुडाचा स्क्रू कसाबसा सुटला. मी चहाचा रिकामा पेला खाली धरला. हिरवट पाणी आले, आणि येतच राहिले. पेला काठोकाठ भरला. दोन वर्षांना दोन आठवडे कमी, इतका काळ ते आत होते, आणि सांध्यातून किंवा व्हॉल्व्हमधून काहीच झिरपले नव्हते.

मी पेला काट्यावर ठेवला, मग रिकामा पेला ठेवला. पाणी भरले एकशे साठ ग्रॅम. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. एकूण वजन आणि निव्वळ वजन यांतला फरक मला अठराव्या वर्षी शिकवला होता. भीमराव पहिल्या दिवसापासून आत पाणी आहे, आत पाणी आहे असे सांगत होते, आणि मेमोतला तो आकडा मी स्वतः दोनदा तपासून बरोबर ठरवला होता.

शिवरामने हातोडा उचलला. त्याने भीमरावांकडे पाहिले नाही, अधिकाऱ्यांकडेही नाही. एकच घाव घातला, तो पत्र्याच्या चिमणीवर. चिमणी चपटी झाली. "झालं निकामी, साहेब," तो म्हणाला आणि हातोडा ठेवून गेटवर निघून गेला.

तीन आठवडे म्हातारी बेलवलीत रॉकेलमध्ये बुडून पडली होती. भीमरावांनी कॅम्प तीनमध्ये जाऊन नवी दांडी कातली. टेकचंदने स्टोव्हच्या पत्र्याची नवी चिमणी आणली आणि मजुरी किती म्हणून विचारल्यावर शिव्या दिल्या. १६ ऑक्टोबरच्या रविवारी दिवा लावला. ती खोकत राहिली, इतका वेळ की शालनबाई आतून बाहेर येऊन उभ्या राहिल्या. भीमरावांनी मोजून अकरा टिचक्या मारल्या. बाराव्या टिचकीला चाल धरली. मिनिटाला दोनशे बारा. टेकचंद म्हणाला, "बुढी जेल से आयी है, थोडा टाइम लगेगा." पुढच्या महिन्यात ती दोनशे चोपन्नवर आली. त्यापुढे गेली नाही.

ग्रॅच्युइटी मिळाली. त्या अधिकाऱ्यांची बदली झाली, बढतीवर. भीमराव आजही बेलवलीत आहेत आणि रविवार चुकवत नाहीत.

पाणी पितळेच्या भावाने विकल्याबद्दल मी ऑक्टोबर १९९४ मध्ये परताव्याचा अर्ज केला. वजन खरेदीदारास मान्य होते, असे उत्तर आले. दरवर्षी मार्चअखेर मी तो अर्ज पुन्हा करतो. भीमराव म्हणतात, सोडा आता, रघुभाऊ. मी सोडलेला नाही. एकशे साठ ग्रॅम, पंचावन्न रुपये किलोप्रमाणे. कारखान्याकडून भीमराव धोंडिबा शेजवळ यांचे आठ रुपये ऐंशी पैसे येणे बाकी आहेत.