गॅसबत्तीखालची बाई

सोनईत वरात निघाली की उजव्या अंगाला भागूबाई अन् डाव्या अंगाला डावरी केशरबाई, दोघींच्या डोक्यावर चुंबळ अन् चुंबळीवर गॅसबत्ती. साऱ्या गावाची तोंडं त्या उजेडात दिसायची, दोघींची तेवढी दिसायची न्हाईत. पुढं जनरेटर आला, ट्यूबा आल्या, बत्त्या माळ्यावर गेल्या. केशरबाईही वारली. वाजंत्री ऐकली की भागूबाईचा हात अजून डोक्याकडं जायचा.

तिची यशोधरा पुण्यात क्वेसारांवर पीएचडी करत होती. शहाण्णवच्या उन्हाळ्यात तिनं अंतराळातल्या दुर्बिणीनं काढलेला फोटो आणला.

"नुसता ठिपका हाय की गं!"

"त्यो क्वेसार, आई. त्याच्याभवती ताऱ्यांचं आख्खं गाव हाय, दीर्घिका. पन झगझगाटात दिसत न्हाई. मग आमी एकट्या ताऱ्याचा फोटू घेतो, उजेड कसा पसरतो ते बघतो, आन तेवढा उजेड ह्यातनं वजा करतो."

"मग माझा बी कर की वजा! शेजारच्या राधाकृष्णाच्या लग्नातल्या वरातीचा फोटू बघ, बत्तीचा निस्ता पांढरा गोळा. जलम बत्तीखाली गेला, पन कामावरचा एक फोटू न्हाई."

भागूबाई हसण्यावारी बोलली. पोरीनं मात्र मनावर घेतलं. स्टुडिओतनं निगेटिव्ह मिळवली. माळ्यावरची बत्ती उतरवली. भागूबाईनं जाळी बांधली, पंप मारला, अन् यशोधरेनं ओट्यावर एकट्या बत्तीचे फोटो काढले.

"माय सोडून बत्तीचा फोटू! पोरगी शिकून येडी झाली," शेजारणी म्हणाल्या.

पावसाळा सरता सरता ती कागद घेऊन आली. पांढरा गोळा गेला होता. करड्या दाण्यांतनं एक बाई वर आली होती. कपाळावर पदर, तोंड उघडं, एक हात बत्तीला.

भागूबाईनं दारातल्या उजेडात कागद धरला.

"दिसतीस का न्हाई?"

"ही मी न्हाई, यशे. हात बघ, डावा. केशर हाय ही. पोरांवर वरडतीय, पायात येऊ नका म्हनून."

यशोधरेचा चेहरा पडला. "मग तू कुठंयस?"

"मी पल्याड. फोटूच्या भाईर."

भागूबाई आणखी थोडा वेळ बघत राहिली. मग कागद पदराखाली घेऊन केशरबाईच्या घराकडं निघाली. केशरबाई लेकाला, सुनीलला, निजवून कामाला जायची. त्यानं आईला बत्तीखाली कधी बघितलंच नव्हतं.

"सुनील, भाईर ये रं," तिनं दारातनं हाक दिली. "तुझी आय वरातीला निघालीय."