भिंतीवरचं माझं अक्षर

हे मी बायकोला सांगितलं नाही, मुलांना तर नाहीच. मग तुम्हाला का सांगतोय? — आता छातीत मावत नाही, एवढंच.

निजामाच्या राजवटीत, तिकडच्या वाशीजवळच्या एका गावात मी धाकटा मास्तर होतो. इंग्रजी करीमसाहेब शिकवायचे. माझं इंग्रजी कच्चं, म्हणून शाळा सुटली की ते मला घरी बसवून शिकवत. पाटी पुरेना, तेव्हा बैठकीच्या भिंतीचाच त्यांनी फळा केला. कोळशानं इंग्रजी शब्दांची शेपटं लिहायची — शन, मेंट, एबल — आणि शेजारी लॅटिन मूळ. म्हणायचे, "तुम्हारा दुकानदार देखो, पानदान देखो. दुम फारसी है. वैसी अंग्रेजी की दुम लातीनी." शब्दांनाही आजोळ असतं, हे मला त्या माणसानं दाखवलं.

पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य बुडालं. रझाकारांचा जाच सोसलेली माणसं उट्टं काढायला निघाली. करीमसाहेबांचा रझाकारांशी काडीचा संबंध नव्हता — पण सुक्याबरोबर ओलंही जळतं. आणि त्यात ती भिंत! न कळणारी अक्षरं, रेघा, बाण. रझाकारांचे निरोप आहेत म्हणे. मला त्यांच्या घरी बोलावणं आलं. करीमसाहेबांना भिंतीपाशी उभं केलं होतं.

"मास्तर, तुमाला इंग्रजी येतं. काय लिव्हलंय ह्ये?"

शिकवणीचा धडा आहे — एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पण मलाही रझाकारांचाच माणूस समजले तर? भीती होती. आणि करीमसाहेबांची खुर्ची — तीही डोळ्यांसमोर नव्हती असं कसं म्हणू?

"मला न्हाय कळत," मी म्हणालो.

कुणीतरी खालच्या ओळींवर काठी टेकवली. तिथलं अक्षर वेगळं होतं, गिचमिड. "ह्ये कुणाचं?" — माझं होतं. करीमसाहेबांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

"सब मेराइच है," म्हणाले.

त्यांना वेशीकडं नेलं. ते परत आले नाहीत. भिंतीला चुना मीच लावला.

पुढं त्यांच्या जागेवर मीच इंग्रजी शिकवलं, म्हातारा होईपर्यंत. तीच शेपटं, तोच दुकानदार, तेच पानदान. फळ्याकडं तोंड केलं की वाटायचं, मागं कुणीतरी उभं आहे — अजून वाटतं. पोरं खूश असायची. "गुरुजी, लई सोपं करून सांगता. कुणाकडनं शिकलात?"

मी म्हणायचो, "आपलं आपणच."