पायरीवर तापलेली बाटली

"आत आणू नको. पायरीवर ठेव."

कंपाउंडर बोलला माझ्याशी, पाहत होता भिंतीकडे. माझ्या हातात आईच्या लघवीची बाटली. वर्ध्याच्या त्या दवाखान्यात मधुमेहाच्या नव्या गोळीचं संशोधन चाललं होतं. त्यासाठी आईची इन्सुलिनची सुई बंद केलेली. आम्ही रोहण्याच्या महारवाड्यातले. संशोधनाला आमचं रक्त चालत होतं. टेबलाला आमची बाटली चालत नव्हती.

बाकीच्यांची लघवी सकाळीच निळ्या औषधात उकळत. रंग निळाच राहिला तर साखर नाही, विटकरी झाला तर भरपूर. आमची मात्र दिवसभर उन्हात. ती तपासली की कंपाउंडरला आंघोळ करावी लागे. म्हणून घरी जाता जाता, सगळ्यांत शेवटी.

आईचा रंग निळा येई. डॉक्टर खूश. गोळी लागू पडली म्हणे. इकडे आई वाळून चाललेली, पायाची जखम चिघळलेली.

"त्याईले सांग ना वं पोरी, सुई द्या म्हणा."

सांगितलं. डॉक्टर हसले. "तिला सुईची सवय लागलीय."

एकदा ते आईच्या खाटेशीच विद्यार्थ्यांना शिकवत होते. "लघवी ताजीच तपासा. शिळी झाली की जंतू त्यातली साखर खाऊन टाकतात."

मी ऐकलं. आमची बाटली तर रोज दिवसभर उन्हात शिळी होत होती. आईची ताजी लघवी घेतली, सरळ आत गेले, बाटली टेबलावर ठेवली.

"काऊन वं, पायरी दिसत नाई का तुले?" कंपाउंडर.

"दिसते. उकळा आता. सगळ्याईसमोर."

विद्यार्थी पाहत होते, म्हणून डॉक्टरांनी स्वतः उकळली. विटकरी लाल.

डॉक्टर खाटेशी आले. "चोरून गोड खाल्लं असेल. या लोकांना पथ्य कळत नाही."

आई पडल्या पडल्या बोलली, "सायेब, चोराले घरात गूळ तं पायजे."

"गोळीच चालू राहू द्या," डॉक्टर म्हणाले.

"सुई द्या. आत्ता," मी म्हटलं. "नाही तर आईचं रक्तही मिळणार नाही."

सुई मिळाली. उशिरा मिळाली. पायाचा अंगठा कापावा लागला.

व्हरांड्यात आमच्या जातीच्या आणखी बाया होत्या, त्याच गोळीवर. मी खाटोखाट गेले, सगळं सांगितलं. कोणी बाटली भरली नाही.

"संशोधन बंद पडेल," डॉक्टर म्हणाले.

पडू द्या. आमच्या देहावर औषध शोधता, तर आमची तपासणी त्याच टेबलावर, त्याच वेळेला झाली पाहिजे. तोवर आमच्या वस्तीतून रक्ताचा थेंब मिळणार नाही. आष्टीत, तळेगावात, वस्तीवस्तीत मी हेच सांगत फिरते आहे. कोणाला थांबवायचं असेल, त्यानं यावं.