औषधाच्या दुकानात आई

काल कॉलेजच्या प्रयोगशाळेत एक बाटली उघडली आणि त्या उग्र वासानं मी थेट कमलनगरच्या खत-औषधांच्या दुकानात जाऊन पोचले. तेव्हा मी दहा वर्षांची असेन.

आमची तूर फुलांवर होती आणि तिच्यावर अळी पडली होती. शेत आईच बघायची. माझे वडील, अप्पा, प्रवाशांची जीप चालवायचे. तरी आईनं "तुरीला आळी लागलीय" म्हणताच दुकानदार नुकत्याच आत आलेल्या अप्पांकडे वळून म्हणाला, "अक्का, तुमी थांबा जरा. अण्णा, बोला, काय देऊ?"

अप्पांनी आईचं बोलणं ऐकलं नव्हतं आणि पिकातलं त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. पण चार गिऱ्हाइकं बघत होती, त्यांच्यापुढं तसं म्हणणं अप्पांना जमलं नाही. घसा खाकरून ते म्हणाले, "गवत लय झालंय. गवताचंच द्या."

दुकानदारानं तणनाशकाचा डबा काढला. ते फवारलं असतं तर तूरच जळाली असती. आईनं पदर मुठीत आवळला. आता ती चारचौघांत अप्पांना खोटं पाडणार, अशी मला भीती वाटली.

आई हळूच म्हणाली, "जीपमधी माणसं खोळंबलीत. तुमी व्हा म्होरं."

जीपमध्ये कुणीच नव्हतं. अप्पा लगेच बाहेर गेले. मग आईनं तो डबा मागं सारला. "आता मला इचारा," ती दुकानदाराला म्हणाली.

आई खोटं बोलली म्हणून त्या दिवशी मला तिचा राग आला होता. अप्पा किती घाईनं, सुटका झाल्यासारखे निघाले होते, ते मात्र आत्ता कुठं लक्षात येतंय.