जुना लॅपटॉप मी देत नाही

माझं शिक्षण चौथीपर्यंत. नवरा गेल्यावर मुलगा मला साताऱ्याहून चेन्नईला, अण्णा नगरच्या फ्लॅटवर घेऊन आला. मला तमिळ येत नाही, त्यामुळे दुपारभर बोलायला कोणी नसे. त्याचा जुना लॅपटॉप कपाटात पडून होता. तो काढला आणि मराठी व्हिडिओ बघून प्रोग्रॅमिंग शिकायला बसले. या वयात कशाला, असं सगळे विचारतात. सून घरात व्यायामाची सायकल चालवते. ती सायकल कुठेच जात नाही, पण तिला कोणी विचारत नाही.

मन लागत नाही असे दिवस पुष्कळ येतात. त्यावर माझ्याकडे उपाय नाही. जेवणं उरकली की बसायचं. भाकऱ्या थापताना मी कधी मनाला विचारलं नव्हतं.

एकदा लॅपटॉपकडून एकोणतिसाचा पाढा म्हणून घ्यायचा होता. आकडे सुरू झाले ते थांबेचनात. मुलगा हसला. "आई, थांबायचं कधी ते तू त्याला सांगितलंच नाहीस."

"मला तरी कोणी सांगितलंय?" मी म्हटलं. चूक मात्र शोधून काढली.

पुढे त्याने तो लॅपटॉप देऊन नवा फोन घ्यायचं ठरवलं. शनिवारी दुकानाचा माणूस न्यायला येणार होता.

"व्हिडिओ काय, मोबाइलवरही दिसतील तुला."

"दिसतील. लिहू कुठे, तुझ्या कपाळावर?"

आठवडाभर भांडले. तो ऐकेना. शनिवारी कॅलेंडर पाहिलं तर अमावास्या. "आज घरातली वस्तू बाहेर जाणार नाही," मी म्हटलं. माझा यावर विश्वास नाही, मुलाचा आहे. त्याने त्या माणसाला नको म्हणायला फोन उचलला.

सून इथलीच, तमिळ; मराठी लग्नानंतर शिकली, पण सासूला अजून अत्तैच म्हणते. ती म्हणाली, "अत्तै, आमच्यात अमावास्या चांगली. नवीन काम सुरू करायला बेस्ट दिवस."

"झालं तर मग," म्हणत मुलाने फोन खाली ठेवला.

मी टेबलाशी जाऊन बसले आणि पुढचा धडा लावला. "मीही नवीन काम सुरू केलंय. आता सांग, सुरू केलेलं काम त्याच दिवशी मोडलेलं चालतं का तुमच्यात?"

सुनेने नवऱ्याकडे पाहिलं. "नाही चालत," ती म्हणाली.

बेल वाजली. मी उठले नाही. मुलाने दारात त्या माणसाला तमिळमध्ये काहीतरी सांगून परत पाठवलं. काय सांगितलं ते मी विचारलं नाही. धडा अवघड होता.